शफल लावले तरी तीच तीस गाणी का लागतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: यादीत सुमारे ८०० मराठी गाणी आहेत, रोज कामावर जाता-येता शफल लावून वीसेक गाणी ऐकली जातात, तरीही महिनाभर तीच तीस-चाळीस गाणी पुन्हा पुन्हा लागतात, एकाच गायकाची गाणी पाठोपाठ येतात आणि कित्येक गाणी तर वाट्यालाच येत नाहीत. ॲपवाले हे मुद्दाम करतात का, आणि ही व्यवस्था सुधारायची तर नेमके काय बदलावे लागेल?

संगीताच्या ॲपमध्ये गाण्यांची रांग लावणे आणि गाण्यांच्या नोंदी नीट ठेवणे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे केली आहेत. मुद्दामपणाचा संशय मीही अनेकदा ऐकला आहे आणि काही ॲप लोकप्रिय गाण्यांकडे थोडे झुकते माप देतात हेही खरे आहे. मात्र तुम्ही सांगितलेला अनुभव येण्यासाठी कोणाच्याही मनात काळेबेरे असण्याची गरज नाही. शफल पूर्णपणे निःपक्षपाती असले तरी हेच घडते, आणि ते आकडेमोड करून दाखवता येते.

रोज सकाळी तुम्ही शफलचे बटण नव्याने दाबता, तेव्हा ॲप ८०० गाणी नव्याने पिसते आणि त्यांतली पहिली वीस तुम्ही ऐकता. काल कोणती वीस झाली याची त्याला आठवण नसते. म्हणजे कोणतेही एक गाणे त्या दिवशी लागण्याची शक्यता ८०० पैकी २०, अर्थात अडीच टक्के. असे तीस दिवस गेले की तुम्ही एकूण ६०० वेळा गाणे ऐकलेले असते. परंतु हिशेब मांडला तर सरासरीने सुमारे ३७४ गाणी महिनाभरात एकदाही लागत नाहीत, २८८ गाणी एकदाच लागतात, १०७ दोनदा लागतात आणि उरलेली सुमारे ३१ गाणी तीन किंवा त्याहून अधिक वेळा लागतात. तुमची ‘तीच तीस गाणी’ ती हीच. पुढच्या महिन्यात ती तीस गाणी वेगळी असतील, पण तोपर्यंत मनाने ॲपविरुद्ध निकाल दिलेला असतो. शिवाय आपले मन पुनरावृत्ती लगेच टिपते, आणि जे ३७४ वेळा घडलेच नाही त्याची मात्र फारशी दखल घेत नाही.

यावरून सुधारणेची दिशा कळते. अडचण फाशांची नाही; स्मरणाची आहे. पत्त्यांच्या डावात प्रत्येक वाटपानंतर सगळे पत्ते गोळा करून पुन्हा पिसतात, कारण तो नवा डाव असतो. श्रोत्याच्या दृष्टीने मात्र महिनाभराचे ऐकणे हा एकच डाव असतो, आणि ॲप रोज सकाळी तो मोडून नवा मांडते.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. वरून पडणारे ठोकळे रचण्याच्या टेट्रिस या खेळाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सातही आकार जणू एका पिशवीत घातले जातात, एकेक करून यादृच्छिकपणे, म्हणजे न पाहता हाताला येईल तसे, काढले जातात आणि पिशवी रिकामी झाल्यावरच ती पुन्हा भरली जाते. त्यामुळे एखाद्या आकाराची अनंत काळ वाट पाहावी लागत नाही. गाण्यांच्या प्रत्येक यादीला अशीच एक पिशवी द्यावी. ८०० गाण्यांचा क्रम एकदा ठरवावा, रोज वीस गाणी त्यातून पुढे सरकावे, आणि चाळीस दिवसांनी फेरी पूर्ण झाल्यावरच नवा क्रम लावावा. वरच्याच उदाहरणात महिन्याची ६०० गाणी मग ६०० वेगवेगळी गाणी होतील.

यासाठी साठवणुकीची फारशी जागाही लागत नाही. यादृच्छिक क्रम ज्या आरंभ-संख्येवरून तयार होतो ती संख्या आणि आपण कितव्या गाण्यावर आहोत तो आकडा, एवढ्या दोन गोष्टी खात्याशी जोडून ठेवल्या की फोनवर थांबलेली फेरी गाडीत किंवा संगणकावर तिथूनच पुढे चालू करता येते. खरी डोकेदुखी अपवादात्मक प्रसंगांत आहे. फेरीच्या मध्यावर यादीत नवे गाणे घातले तर ते उरलेल्या भागात कुठेतरी यादृच्छिकपणे सरकवावे. शेवटी टाकले तर नव्या गाण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते आणि श्रोता वैतागतो. एक फेरी संपून दुसरी सुरू होताना, मागच्या फेरीच्या शेवटच्या चतुर्थांशातली गाणी पुढच्या फेरीच्या पहिल्या चतुर्थांशात येऊ देऊ नयेत, नाहीतर काल ऐकलेले गाणे आज पुन्हा समोर उभे राहते. श्रोत्याने पहिल्या काही सेकंदांत पुढे ढकललेले गाणे ‘ऐकले’ म्हणून पिशवीतून काढून टाकू नये, तसेच ते लगेच परतही आणू नये. ते उरलेल्या फेरीच्या उत्तरार्धात सोडावे हे मला सर्वांत न्याय्य वाटते. गाणे ढकलले याचा अर्थ ते नावडते आहे असा होत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये विलंबित ख्याल नको असतो, एवढेच.

स्मरण आले तरी मुळात पिसणे बिनचूक असावे लागते, आणि इथे अनुभवी माणसेही घसरतात. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीने करण्याजोगी एक पद्धत दिली होती आणि १९६४ मध्ये ती संगणकासाठी सुटसुटीत करण्यात आली. शेवटच्या जागेसाठी सर्व गाण्यांतून एक निवडायचे, मग त्याच्या आधीच्या जागेसाठी उरलेल्यांतून एक निवडायचे, असे करत पहिल्या जागेपर्यंत यायचे. यात ‘उरलेल्यांतून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो विसरून प्रत्येक जागेसाठी सर्वच गाण्यांतून निवड केली, तर तीन गाण्यांसाठी निवडीचे २७ मार्ग होतात आणि क्रम मात्र सहाच असतात. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून काही क्रम इतरांपेक्षा अधिक वेळा येणारच. दुसरी चूक म्हणजे क्रमवारी लावणाऱ्या तयार आज्ञेला प्रत्येक तुलनेसाठी खोटेच यादृच्छिक उत्तर पुरवणे. युरोपातील विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये जे पान दाखवले होते, त्यात नेमका हाच दोष निघाला आणि तो दुरुस्त करावा लागला.

मी पाहिलेला सर्वांत हास्यास्पद दोष मात्र गणिताचा नव्हता. मी ज्या ॲपवर काम करत होतो, त्यात मोठी यादी सर्व्हरकडून तुकड्यातुकड्यांनी येत असे आणि शफलचे बटण पहिला तुकडा हाती येताच पिसायला बसत असे. पुढचे तुकडे आले तरी त्यांच्यातली गाणी रांगेच्या शेपटीला जात. तक्रारी आल्या तेव्हा आम्ही कित्येक दिवस यादृच्छिक संख्यांचा कारखाना तपासत बसलो होतो. म्हणून माझा सल्ला असा की, पिसताना सर्व गाण्यांची संपूर्ण माहिती नसली तरी चालेल, पण त्यांचे सर्व ओळख-क्रमांक हाती असल्याशिवाय पिसूच नये.

आता एकाच गायकाची गाणी पाठोपाठ येण्याविषयी. तुमच्या ८०० गाण्यांत पाच गायकांची प्रत्येकी १६० गाणी आहेत असे सोयीसाठी धरू. एखादे गाणे संपल्यावर पुढचे त्याच गायकाचे असण्याची शक्यता ७९९ पैकी १५९, म्हणजे जवळजवळ वीस टक्के असते. वीस गाण्यांत अशा एकोणीस जागा असतात, तेव्हा रोज सरासरी चार वेळा तोच आवाज लागोपाठ येणे हेच खऱ्या यादृच्छिकतेचे लक्षण आहे. श्रोत्यांना हे पटत नाही आणि त्यांना दोषही देता येत नाही, कारण त्यांनी मागितलेली गोष्ट ‘यादृच्छिक क्रम’ नसून ‘विविधता’ असते. ॲपलने सप्टेंबर २००५ मध्ये आयट्यून्स या आपल्या संगीत-प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत एकाच कलाकाराची गाणी किती जवळ यावीत हे ठरवणारी एक सरकपट्टी दिली होती. स्पॉटिफायच्या अभियंत्यांनीही २०१४ मध्ये जाहीरपणे लिहिले की, आधी ते फिशर-येट्स पद्धतच वापरत होते आणि तक्रारींमुळे त्यांनी ती बदलून कलाकारांची गाणी रांगेत पसरवणारी पद्धत आणली.

पसरवण्याची ही पद्धत समजायला सोपी आहे. रांगेला शून्य ते एक अशी लांबीची पट्टी माना. एखाद्या गायकाची चार गाणी असतील तर ती पट्टीवर सुमारे पाव-पाव अंतरावर ठेवा, पहिल्या गाण्याची जागा यादृच्छिक ठेवा आणि प्रत्येक गाण्याला थोडा पुढे-मागे धक्का द्या. सर्व गायकांसाठी असे करून पट्टीवरच्या खुणा डावीकडून उजवीकडे वाचल्या की क्रम तयार होतो. धक्का पुरेसा हवा. नाहीतर दर पाचव्या गाण्याला तोच आवाज येऊ लागतो आणि चार दिवसांत श्रोत्याला तो ताल कळतो. अधूनमधून दोन गाणी जोडीने आली तर त्यात एक योगायोगाची गंमतही असते, ती पूर्ण मारून टाकू नये.

काही जण याऐवजी ‘आत्ता वाजलेल्या गायकाचे सोडून काहीही निवडा’ एवढाच नियम लावतात. तो सुरुवातीला उत्तम चालतो आणि फेरीच्या शेवटी फसतो. ज्या गायकाची गाणी सर्वाधिक आहेत त्याचीच शेवटी उरतात आणि मग दहा-दहा गाणी सलग तीच लागतात. म्हणून पूर्ण फेरीचा आराखडा पसरवून करावा आणि जवळच्या जवळ दुरुस्तीसाठीच निवडीचे नियम वापरावेत.

इथपर्यंतचे सगळे जगातल्या कोणत्याही यादीला लागू आहे. मराठी यादीचा खरा गुंता यापुढे सुरू होतो, कारण ‘एकाच गायकाची’ हे ॲपला कळणार कसे? बहुतेक ॲपची रचना एक कलाकार, त्याचा अल्बम आणि त्यातली गाणी अशा पाश्चात्त्य पॉप संगीताच्या साच्यावर झालेली आहे. आपल्याकडे गाण्याला गायक, संगीतकार आणि गीतकार असे किमान तीन धनी असतात. चित्रपटगीत असेल तर चित्रपटही हक्क सांगतो. ‘कलाकार’ या एकाच रकान्यात कोणी गायकाचे नाव भरतो, कोणी संगीतकाराचे, कोणी दोघांचे, तर कोणी ‘विविध कलाकार’ असे लिहून मोकळा होतो. अभंगाच्या बाबतीत रचनाकाराचे नाव त्या रकान्यात पडले की तुकोबाही कलाकार ठरतात आणि त्यांच्या नावापुढे ‘फॉलो’ करण्याची सोय होते. सुधीर फडके हे गायकही आहेत आणि संगीतकारही. त्यांच्या आडनावातला ‘फ’ रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिला जातो, आणि ॲपच्या लेखी ती दोन माणसे होतात. वाडकर आणि भोसले या आडनावांचीही हीच गत आहे. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिले. ते नाव त्यांच्या नोंदीशी जोडलेले नसेल तर त्यांनीच संगीत दिलेली आणि गायलेली गाणी पसरवण्याच्या पद्धतीला परक्या दोघांची वाटतात.

म्हणून शफल सुधारण्यासाठी माझ्याकडे सहा महिने असते तर त्यांतले पाच मी नोंदींवर घालवले असते. प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा ओळख-क्रमांक द्यावा, नावाची सर्व रूपे देवनागरीसह त्या क्रमांकाखाली ठेवावीत, आणि प्रत्येक गाण्यात त्या व्यक्तीची भूमिका वेगळी नोंदवावी. मग अंतर ठेवताना गायकाला सर्वाधिक वजन, चित्रपटाला किंवा नाटकाला त्याखालोखाल, संगीतकाराला त्याहून कमी आणि गीतकाराला नाममात्र वजन द्यावे. ही वजने दंडासारखी वापरावीत. कडक मनाई करू नये. भावगीतांच्या बहराच्या काळात मोजक्या संगीतकारांनी आणि गायकांनी इतके काम केले आहे की ‘गायकही वेगळा, संगीतकारही वेगळा, गीतकारही वेगळा’ असा हट्ट धरला तर जुन्या गाण्यांच्या यादीत पुढचे गाणे सापडणेच कठीण होईल.

नोंदींचा दुसरा दोष दुबार गाण्यांचा. तेच ध्वनिमुद्रण मूळ तबकडीवरून, मग निवडक गाण्यांच्या संग्रहातून, मग आणखी एका संग्रहातून असे तीनदा ॲपवर येते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, परंतु पुनर्प्रकाशनाच्या वेळी बऱ्याचदा नवाच क्रमांक घेतला जातो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून चालत नाही. ध्वनीच्या ठशावरून, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाच्या नमुन्यावरून, ओळख पटवावी लागते. याच्या उलट बाजूचा धोकाही आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे आणि त्यावरचा चित्रपट २०१५ चा. नाटकातली काही पदे चित्रपटात नव्या आवाजांत पुन्हा गायली गेली. नाव सारखे म्हणून त्यांतले एक गाळणे हा रसिकाचा अपमान होईल. रचना एक, ध्वनिमुद्रणे दोन, असे सांगणारी नोंद हवी. मग शफलने दोन्ही ठेवावीत, फक्त एकाच संध्याकाळी लावू नयेत. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ॲपलने २०२१ मध्ये प्राइमफोनिक ही सेवा विकत घेऊन मार्च २०२३ मध्ये वेगळे ॲप काढले, त्यामागे रचना आणि ध्वनिमुद्रण यांतला हाच भेद होता. नाट्यसंगीत आणि रागसंगीत यांना तशी सोय मिळाली तर मी पहिला ग्राहक होईन.

काही संगीत मुळात पिसण्यासाठी नसतेच. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेल्या गीतरामायणाची ५६ गीते कथेच्या क्रमाने बांधलेली आहेत. त्यातले एखादे सुटे गीत मिश्र यादीत लागले तर काहीच बिघडत नाही, मात्र संपूर्ण गीतरामायणच शफलवर लावले तर रामजन्माआधी वनवास घडतो. रागसंगीतात तर विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे वेगळी गाणी म्हणून नोंदलेले असतात. शफल त्यांची ताटातूट करते आणि द्रुत बंदिश जणू आकाशातून पडल्यासारखी सुरू होते. अशा तुकड्यांना बांधलेली जोडी मानावे, म्हणजे पहिला लागला की दुसरा त्यामागे येईल. संपूर्ण अल्बमच्या पानावर तर पहिले बटण क्रमाने वाजवण्याचेच असावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर आपोआप शफल लावणारे बटण बदलले. ते योग्यच झाले.

लांबीचा हिशेबही गाण्यांच्या संख्येने न करता मिनिटांनी करायला हवा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि मैफलीतला ख्याल चाळीस मिनिटे चालतो. वीस गाण्यांत दोन ख्याल आले तर श्रोत्याचा जाता-येताचा सगळा वेळ तेच खातात. आवाजाच्या पातळीचेही तसेच. ॲप सर्व गाणी एका सरासरी पातळीवर आणते, स्पॉटिफायवर ती नेहमीच्या मांडणीत उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) असते. शफलमध्ये हे समायोजन प्रत्येक गाण्यासाठी वेगळे करावे आणि अल्बम क्रमाने वाजत असेल तेव्हा संपूर्ण अल्बमसाठी एकच ठेवावे, नाहीतर वादकाने मुद्दाम हळू ठेवलेला भाग उगीच मोठा होतो.

शिफारशींची भेसळ हा वेगळाच वादाचा विषय आहे. मार्च २०२३ पासून स्पॉटिफायच्या स्मार्ट शफलमध्ये तुमच्या गाण्यांबरोबर ॲपने सुचवलेली गाणीही मिसळतात. नवे गाणे कळण्यासाठी ही सोय चांगली आहे, पण ‘माझी गाणी पिसून दे’ आणि ‘माझ्या गाण्यांत तुझी घाल’ या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. त्यांची बटणे वेगळी असावीत आणि एकच बटण दोनदा दाबल्यावर अर्थ बदलू नये, एवढीच माझी मागणी आहे.

ॲपमध्ये हे सगळे होईपर्यंत तुम्हाला आजच करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. रोज शफलचे बटण नव्याने दाबू नका. काल जिथे थांबवले तिथूनच रांग पुढे चालू करा, म्हणजे बहुतेक ॲपमध्ये तुम्हाला आयती पिशवी मिळते. रांग पुसली जात असेल तर ८०० गाण्यांच्या आठ याद्या करा आणि एक यादी संपेपर्यंत दुसरी उघडू नका. याद्या गायकांनुसार मुळीच पाडू नका. सगळे गायक सगळ्या याद्यांत विखुरलेले राहू द्या. गाण्यांच्या फायली तुमच्याच संगणकावर असतील तर ॲपलच्या ‘म्युझिक’ या ॲपमध्ये नियमांवर चालणारी यादी बनवता येते: ‘गेल्या तीस दिवसांत न वाजलेली’ हा नियम आणि पंचवीस गाण्यांची मर्यादा घाला. गाणे वाजले की ते यादीतून आपोआप बाहेर पडते आणि त्याच्या जागी न ऐकलेले गाणे येते. ख्याल आणि लांब मैफली मात्र या यादीत घालू नका. त्यांची यादी वेगळी ठेवा आणि ती शफलवर लावू नका.